नवं हेल्मेट, नवे नियम, म्हणून डोकं शाबूत?

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर, मग ताईकडून, आणि शेवटी थेट पुण्याच्या काकांकडून. त्याचा आशय असा: कॉलेज फुटबॉलमध्ये (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंगावर धडकून पाडण्याचा) डोक्याला मार लागण्याची भीती आता जुनी झाली. हेल्मेटं सुधारली आहेत. २०१० पासून ‘एनसीएए’ने (कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) सगळ्या कॉलेजांना कन्कशनचे, म्हणजे धक्क्याने मेंदूला होणाऱ्या इजेचे, नियम लावलेत, डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मुलगा परत मैदानात जात नाही. त्रास झाला तर मुलं सांगतातच. ‘सीटीई’ हा डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंचा. आणि धोका कुठल्या खेळात नाही? तेव्हा स्कॉलरशिप मिळत असेल तर बिनधास्त पाठवा.

माझा भाचा ओहायोत अकरावीत आहे. लाइनबॅकर (बचावात समोरच्याला धडकून पाडणारा) खेळतो, आणि त्याला कॉलेजच्या कोचांचे फोन यायला लागलेत. त्यामुळे हा मेसेज मला नुसता वाचून सोडून देता येत नाही. खेळ मलाही आवडतो; शनिवारी दुपारी आम्ही मावशी-भाचे टीव्हीसमोर बसून घसा बसेपर्यंत ओरडतो. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

“हेल्मेटं सुधारली आहेत.”

सुधारली आहेत, वादच नाही. १९६८ साली अमेरिकेत सगळ्या स्तरांवर मिळून ३६ खेळाडू मैदानावरच्या दुखापतींनी दगावले होते, त्यातले बहुतेक डोक्याच्या आणि मानेच्या. १९७३ मध्ये हेल्मेटसाठी पहिलं मानक आलं, १९७६ मध्ये डोकं पुढे करून धडकण्यावर बंदी आली, आणि हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. कवटी वाचवणं हे हेल्मेटचं काम, आणि ते त्याने चोख केलं.

पण कन्कशन म्हणजे कवटी फुटणं नव्हे. नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो ना? करवंटी कितीही जाड असो, आतलं पाणी डुचमळतंच. डोकं जोरात आदळून थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदू आतल्या आत असाच हलतो आणि पिळवटतो. बाहेरून जाड गादी लावली तर जोर थोडा कमी होतो, इतकंच. भाच्याचं हेल्मेट घरी बुटांच्या रॅकवर पडलेलं असतं. त्याच्या मागे चिकटवलेली सूचना परवा मी चष्मा लावून वाचली. कुठलंही हेल्मेट डोक्याच्या सगळ्या दुखापती टाळू शकत नाही, असं बनवणाऱ्यानेच तिथे छापलंय.

“डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मुलगा मैदानात जात नाही.”

२०१० चा नियम खरा आहे. प्रत्येक कॉलेजकडे कन्कशनची लेखी योजना हवी, लक्षणं दिसली की खेळाडूला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत पाठवायचं नाही, आणि पुढे डॉक्टरांनी मोकळीक दिली तरच खेळवायचं. वाचायला सगळं ठीक.

आता २७ सप्टेंबर २०१४ ला अ‍ॅन आर्बरला काय झालं ते बघा. मिशिगन विरुद्ध मिनेसोटा. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) शेन मॉरिस घोट्याच्या दुखण्याने आधीच लंगडत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू फेकताना त्याच्यावर जबर धडक बसली. तो उठला, पाय लटपटले, आणि तो शेजारच्या धिप्पाड लाइनमनच्या अंगावर कलला. त्या मुलाने त्याला धरून उभं ठेवलं. स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बघत होती, टीव्हीवर सगळा देश बघत होता. पुढचा प्लेही, म्हणजे पुढची चालही, मॉरिसच खेळला आणि मग त्याला बाहेर काढलं. थोड्याच वेळात बदली क्वार्टरबॅकचं हेल्मेट निघालं, आणि हेल्मेट निघालं की एक प्ले बाहेर बसायचं असा नियम आहे. मग कुणाला पाठवलं? मॉरिसलाच.

सोमवारी कोच ब्रेडी होक यांनी सांगितलं की त्यांच्या माहितीप्रमाणे कन्कशन वगैरे काही नव्हतं. त्याच रात्री उशिरा विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनी निवेदन काढून ‘बहुधा सौम्य कन्कशन’ असल्याचं कबूल केलं. खुलासा असा होता की डॉक्टरांच्या पथकाने ती धडक पाहिलीच नव्हती, त्यांना वाटलं पाय घोट्यामुळे लटपटतायत. मला हे खोटं वाटत नाही. धावपळीत नजर चुकू शकते. पण मग २०१० पासून फाइलमध्ये असलेल्या योजनेने त्या मुलाला त्या क्षणी काय दिलं? त्यानंतर मिशिगन ज्यात खेळतं त्या बिग टेन कॉन्फरन्सने (कॉलेजांच्या गटाने) रीप्ले बघणाऱ्यांच्या खोलीत एक तटस्थ ट्रेनर (दुखापती ओळखणारा) बसवला, जो थेट पंचांना कळवू शकतो. हा बदल खरा उपयोगाचा, आणि तो एवढी छी-थू झाल्यावर आला.

एनसीएए स्वतः या जबाबदारीकडे कसं पाहत होती, तेही मेसेज फिरवणाऱ्यांनी वाचावं. २०११ मध्ये मेरीलँडमधल्या फ्रॉस्टबर्ग स्टेट विद्यापीठाचा २२ वर्षांचा खेळाडू सरावात डोक्याला मार लागून गेला. सलग काही दिवस त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, तरी सराव चालूच ठेवला, असं त्याच्या घरच्यांनी दाव्यात म्हटलं होतं. त्या खटल्यात डिसेंबर २०१३ मध्ये एनसीएएने उत्तर दिलं की विद्यार्थी-खेळाडूंचं रक्षण करणं हे आपलं कायदेशीर कर्तव्य आहे, हे आपल्याला मान्य नाही. २०१६ मध्ये १२ लाख डॉलरवर तडजोड झाली. हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही.

होकार देणारा डॉक्टर कुणाच्या हाताखाली काम करतो, हा पुढचा प्रश्न. एनएफएलमध्ये २०१३ पासून संघाशी संबंध नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानाच्या कडेला असतात. कॉलेजांवर एनसीएएची तशी सक्ती नाही. २०१६ पासून मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये, खेळाडू परत कधी उतरणार याबाबत डॉक्टर आणि ट्रेनरचा शब्द अखेरचा, असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी कॉलेजांच्या ट्रेनर-डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. लवकर परवानगी द्या म्हणून कोचकडून दबाव आल्याचं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं होतं. खेळाडूंकडून येणारा दबाव तर त्याहून जास्त.

“त्रास झाला तर मुलं सांगतातच.”

नाही सांगत. कॉलेज फुटबॉलच्या ७०० हून अधिक खेळाडूंना विचारून केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. निदान झालेल्या दर एका कन्कशनमागे खेळाडूंना स्वतःलाच कन्कशन वाटलेले ६ प्रसंग होते, आणि ‘डिंग’ म्हणतात तसे, म्हणजे क्षणभर डोक्यात घंटा वाजल्यासारखे, २१.

आकडे सोडा, घरातलंच सांगते. गेल्या ऑक्टोबरात मॅच संपवून भाचा घरी आला, जेवला, हसला-बोलला. रात्री पाणी घ्यायला उठला आणि फ्रिज उघडल्याबरोबर त्याने हात डोळ्यांवर घेतला. आतल्या छोट्या दिव्याचा उजेड त्याला सहन होत नव्हता. ताईने विचारलं तर म्हणाला, झोप आलीये. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन करून हळूच म्हणाला, “मावशी, आईला सांगू नकोस, पण कालपासून वाचताना अक्षरं हलतायत.” पुढच्या शुक्रवारी मोठी मॅच होती आणि त्याच्या जागेवर खेळायला दुसरा मुलगा टपून बसला होता. मी अर्थातच ताईला सांगितलं. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

लपवण्याने काही मिळतही नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की मार लागूनही खेळत राहिलेल्या खेळाडूंना बरं व्हायला, लगेच बाहेर पडलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ५ दिवस जास्त लागले. हे मी त्याला दाखवलं, तेव्हा कुठे अबोला सुटला.

“सीटीई हा एनएफएलवाल्यांचा आजार.”

बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये २०२ मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. त्यातले ५३ जण कॉलेजपर्यंतच खेळलेले होते, आणि त्यांच्यापैकी ४८ जणांत सीटीई सापडला. मेसेजमध्ये म्हटलंय की हे मेंदू आधीच त्रास दिसलेल्या लोकांच्या घरच्यांनी दिलेले, म्हणून आकडा फुगलेला. बरोबर आहे. संशोधकांनीही हेच सांगितलं होतं. कॉलेजच्या दर दहातल्या नऊ खेळाडूंना सीटीई होतो, असा अर्थ कुणी काढू नये. पण ‘फक्त एनएफएलवाल्यांना’ हे म्हणणं त्या ४८ जणांनी खोटं ठरवलंय.

ओवेन थॉमसचं उदाहरण मला सोडवत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा खेळाडू, पुढच्या मोसमासाठी कर्णधारपदी निवडलेला, वय २१. एप्रिल २०१० मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या मेंदूत सीटीईची सुरुवात सापडली. त्यामुळेच त्याने तसं केलं, असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण त्याच्या नावावर कन्कशनची एकही नोंद नव्हती. मग मेंदूला इजा कशाने झाली? लाइनवरच्या, म्हणजे समोरासमोर उभ्या पहिल्या रांगेतल्या, मुलांची डोकी जवळजवळ प्रत्येक प्लेला आपटतात. कुणी पडत नाही, कुणाला चक्कर येत नाही, कुठला प्रोटोकॉल सुरू होत नाही. २०१९ च्या अभ्यासात दिसलं की टॅकल (धडकून पाडण्याच्या) फुटबॉलच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. कन्कशन किती झाले यापेक्षा किती वर्षं धडका खाल्ल्या याला तिथे महत्त्व आहे.

आणि या धडका मुख्यतः सरावात बसतात. मेसेजमध्ये सरावाबद्दल एक अक्षर नाही. मोठ्या सहा कॉलेज संघांच्या ६५८ खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षं मोजदाद केली गेली. ७२ टक्के कन्कशन सरावात झाले होते. मोसम सुरू होण्याआधीचा ऑगस्टमधला सराव हा एकूण काळाच्या जेमतेम एक पंचमांश, पण जवळजवळ निम्मे कन्कशन त्यातच. तिथे ना कॅमेरा, ना प्रेक्षक, ना तटस्थ ट्रेनर. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी एनसीएएने ऑगस्टच्या सरावातल्या धडकांवर मर्यादा घातल्या. दोन मुलांना समोरासमोर उभं करून एकमेकांवर सोडायचं, असला ‘ओक्लाहोमा ड्रिल’ बंद केला. कितीतरी पिढ्या तो मर्दानगीची परीक्षा म्हणून चालला होता.

धडका कमी केल्या की फरक पडतो, हे आयव्ही लीगने (आठ नामांकित विद्यापीठांच्या गटाने) दाखवून दिलंय. तिथल्या कोचांनी २०१६ मध्ये मोसमातल्या सरावातून पूर्ण टॅकल काढून टाकलं. डार्टमथचे कोच बडी टीव्हेन्स यांनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून ते बंद केलं होतं. त्यांची मुलं यंत्रावर चालणाऱ्या पुतळ्याला टॅकल करायची. त्याच वर्षी लीगने किकऑफची (खेळ सुरू करताना चेंडू लाथेने दूर पाठवायची) रेषा पाच यार्ड पुढे सरकवली, म्हणजे चेंडू मैदानाच्या पार टोकाला जाईल आणि दोन्ही संघ पळत येऊन एकमेकांवर आदळणार नाहीत. दर हजार किकऑफमागे कन्कशनचं प्रमाण जवळपास ११ वरून २ वर आलं. त्यासाठी कुणाचं हेल्मेट बदलावं लागलं नाही.

“धोका कुठल्या खेळात नाही?”

सगळ्यात आहे. क्रिकेटने २०१९ मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियम केला, कारण तिथे संघ अकरा जणांत अडकलेला असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये शंभराच्या आसपास मुलं असतात आणि हवे तितके बदल करता येतात. मार लागलेल्या मुलाला परत पाठवायला तिथे काहीच सबब नाही.

“स्कॉलरशिप मिळत असेल तर बिनधास्त पाठवा.”

इथे जरा पैशाचंही बघू. कन्कशनवरच्या मोठ्या सामूहिक दाव्यात एनसीएएने साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली, २०१९ मध्ये कोर्टाने ती मंजूर केली. त्यातले ७ कोटी माजी खेळाडूंच्या तपासण्यांसाठी, बाकी संशोधनासाठी. आजारी पडलेल्याला त्यातून भरपाई म्हणून काही नाही, त्याने वेगळा दावा लावायचा. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला एका माजी खेळाडूच्या पत्नीचा दावा ज्यूरीपर्यंत पोहोचला. निकाल एनसीएएच्या बाजूने लागला. ऑगस्ट २०२४ पासून खेळ सुटल्यावर दोन वर्षं, ९०,००० डॉलरपर्यंत उपचारांचा विमा मिळतो. ही सुधारणाच म्हणायची. पण मेंदूचं दुखणं वीस-पंचवीस वर्षांनी वर येतं, तेव्हा तो विमा कधीच संपलेला असतो.

भाच्याला खेळू नकोस असं मी म्हटलेलं नाही. तो निर्णय त्याचा आणि ताई-भाऊजींचा. आम्ही मिळून तीन प्रश्न कागदावर लिहून फ्रिजला लावलेत आणि ज्या कोचचा फोन येईल त्याला ताई तेच विचारते: आठवड्यात टॅकलचा सराव किती मिनिटं? सरावाच्या वेळी मैदानावर डॉक्टर असतो की फक्त मॅचला? आणि संघाच्या डॉक्टरला नेमतं कोण, काढतं कोण? गेल्या मंगळवारी एका कोचने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे दिली. तिसऱ्याला थोडा थांबला आणि म्हणाला, विचारून कळवतो. अजून फोन आलेला नाही. भाच्याने त्या प्रश्नापुढे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवलीये.