दाराशी उभा

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार. वेदीजवळच्या चक्रातली गुलाबी मेणबत्ती लागली, फादरही गुलाबी झग्यात. बाकी तिन्ही रविवार जांभळे, हा एकच आनंदाचा.

हे चक्र मूळचं आपल्या कॅथलिकांचं नाही, बरं का. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचा प्रोटेस्टंट पाळक गोरगरिबांच्या मुलांसाठी आश्रम चालवायचा. पोरं सारखी विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली त्याने गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. इतर दिवशी छोटी, रविवारी मोठी. आता आपल्याकडे प्लॅस्टिकचं चक्र घरपोच येतं, असो.

आजच्या मिस्सातलं दुसरं वाचन बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं, अध्याय ५, ओवी ७ ते १०. शेतकरी पावसाची वाट पाहत धीर धरतो, तसा तुम्हीही धरा. प्रभूचं येणं जवळ आलं आहे, न्यायाधीश दाराशी उभा आहे. ऐकायला फार गोड वाटलं. घरी येऊन बायबल उघडलं आणि नजर सहज वरच्या ओळींवर गेली. चौथी ओवी आज वाचली जात नाही. तिथे याकोब श्रीमंतांना सुनावतो: तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत, ती ओरडते आहे, आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे.

मी पुस्तक मिटलं. सप्टेंबरात आमच्या ओट्याचं काम एका गवंड्याने केलं. एक लादी कोपऱ्यात तडकली, म्हणून मी त्याचे १८०० रुपये अडकवले. बिचारा दोनदा आला. दुसऱ्यांदा, दहा दिवसांपूर्वी, मी नाताळचा गोठा बांधत होतो. आतूनच म्हणालो, "नाताळानंतर ये रे." तो दाराशीच उभा होता.

पॅरिशतर्फे आम्ही गरिबांना ब्लँकेट वाटतो, फोटो काढतो. मीही असतो त्या फोटोंत. पण मला आता स्पष्ट वाटतं, की दुसऱ्याचे थकवलेले पैसे खिशात ठेवून केलेलं दान म्हणजे त्याच्याच पैशांतून केलेली मिरवणूक. कामवाल्या मावशींचा पगार, रिक्षावाल्याचे सुटे, दुधाची उधारी. दयेचा विषय त्यानंतर सुरू होतो. देव आपल्यात आहे असं आपण महिनाभर गातो. तो आहेच, पण कान आमच्या गाण्याकडे आहेत की गवंड्याकडे, हे याकोबाने आधीच सांगून ठेवलंय.

दुपारी फोन केला. त्याला वाटलं, लादी बदलायला बोलावतोय. म्हणाला, "येतो भाऊ, लादीचे पैसे नका देऊ." काय बोलावं सुचेना. स्कूटर काढून त्याच्या खोलीवर गेलो, पैसे दिले. त्याने मोजलेही नाहीत. फक्त विचारलं, "भाऊ, माझा ओळंबा राहिलाय का तुमच्याकडे? तीन महिने शोधतोय."

राहिला होता. आमच्या पोराने त्याच्या दोरीला गोठ्यावरची चांदणी टांगली होती. आत्ताच सोडवून आणली.