"तो बात्तिस्ती नको"

कामानिमित्त वर्षभर मिलानला होते, तेव्हापासून हे मनात साचलंय. आज लिहूनच टाकते.

तिथे शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. जेवणं उरकली की गिटार निघायची आणि पहिलं गाणं ठरलेलं असायचं, इटालियन गायक-संगीतकार लुचो बात्तिस्तीचं 'ला कान्त्सोने देल सोले'. 1971 चं. ए, ई, डी, परत ई, एवढ्या तीनच कॉर्ड्सवर अख्खं गाणं. इटलीत गिटार हातात घेतलेला पोरगा आधी हेच शिकतो. विशीतली मुलं आणि साठीतले काका एका सुरात गाताना मी तिथे पाहिलेत. शब्द कळत नसतानाही पहिल्या खेपेलाच अंगावर काटा आला होता.

महिन्याभरात मी त्याचे सगळे अल्बम ऐकायला घेतले. एका शुक्रवारी म्हटलं, आज त्याचा शेवटचा अल्बम लावूया, 'हेगेल'. सगळे एकदम म्हणाले, "तो बात्तिस्ती नको."

हे वाक्य नंतर मी फार वेळा ऐकलं, आणि मला ते कधीच पटलं नाही.

बात्तिस्ती 1943 चा, रोमच्या ईशान्येला डोंगरात पोज्जो बुस्तोने नावाचं गाव आहे, तिथला. चाल त्याची, गळा त्याचा, शब्द मोगोल या गीतकाराचे. 1980 पर्यंत या जोडीने इटलीला इतकी गाणी दिली की लोकांना आपापलं पहिलं प्रेम त्यातल्या एखाद्या गाण्यासकटच आठवतं. मग जोडी फुटली. 1982 ला 'ए जा' हा अल्बम आला, जवळजवळ सगळा सिंथेसायझरवर, शब्द त्याच्या बायकोचे. आणि 1986 ते 1994 या काळात पास्क्वाले पानेल्ला या कवीबरोबर पाच अल्बम: 'दॉन जोव्हान्नी', 'लाप्पारेन्झा', 'ला स्पोझा ओच्चिदेन्ताले', 'कोझा सुच्चेदेरा आल्ला रागात्झा' आणि 'हेगेल'. पांढऱ्या कोऱ्या मुखपृष्ठावर चार रेघांचं चित्र, एवढंच. म्हणून तिकडे त्यांना 'पांढरे अल्बम' म्हणतात. 'तो बात्तिस्ती' म्हणजे हा.

लोकांची तक्रार अशी, की शब्दांचा अर्थ लागत नाही, गुणगुणता येत नाही, आणि मोगोल गेला तसा जीवही गेला.

आता आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. चालीवर शब्द लिहिणं वेगळं आणि शब्दांना चाल लावणं वेगळं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मोगोलच्या काळात बात्तिस्ती गिटारवर चाल वाजवून दाखवायचा आणि मोगोल त्यावर लिहायचा. पानेल्लाबरोबर दुसऱ्या अल्बमपासून गाडी उलटी फिरली. आधी कविता, मग चाल. आणि कविता कसली, तर कोट्या, तुटक वाक्यं, एका शब्दातून दुसरा शब्द उगवतोय. त्याला ध्रुवपद हवं असतं तर पानेल्लाकडून मागून घेता आलं असतं. त्याने मागितलं नाही. त्या वाकड्यातिकड्या ओळी जशा आल्या तशा घेऊन तो गात राहिला. चाळिशी उलटल्यावर, पाठीशी एवढं यश असताना, आपली सिद्ध झालेली पद्धत मोडून नव्याने शिकायला बसणारा संगीतकार मला तरी थोर वाटतो.

आणि हे अचानक झालं असं म्हणणाऱ्यांनी 1974 चा 'अनिमा लातिना' हा अल्बम नीट ऐकलेला नाही. त्यात त्याने स्वतःचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या मागे ठेवलाय. मी पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा दोनदा व्हॉल्यूम वाढवला. वायर तपासली. मग डोळे मिटून ऐकत बसले, तेव्हा तालवाद्यांच्या आणि ब्रासच्या गर्दीतून तो आवाज हळूहळू सापडायला लागला. देशातला सगळ्यात लोकप्रिय गायक सांगतोय, जरा कान द्या, मी इथे आहे. पांढऱ्या अल्बमची बीजं इथेच पडलीत, मोगोल सोबत असताना.

तेव्हा तो लोकांसमोर येणंही बंद करत चालला होता. 1970 च्या उन्हाळ्यातल्या दौऱ्यानंतर त्याने पुन्हा दौरा केला नाही. 1972 ला मीना या इटालियन गायिकेबरोबर टीव्हीवर गायला, ती काही मिनिटं आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. 1979 नंतर मुलाखतीही बंद. कलाकाराने कामातूनच बोलावं, असं त्याचं म्हणणं होतं. याला लोकांनी शिष्टपणा म्हटलं, माणूसघाणा म्हटलं. मला यात कमालीचा प्रामाणिकपणा दिसतो. त्याच्याकडे देण्यासारखं जे होतं ते तो स्टुडिओत जाऊन रेकॉर्डवर देत होता. 1986 ते 1994 तर दर दोन वर्षांनी, न चुकता. चेहरा दिला नाही म्हणून त्याने आपलं काय देणं बुडवलं?

1998 च्या सप्टेंबरात तो गेला, वयाच्या 55 व्या वर्षी. त्याची जुनी गाणी स्ट्रीमिंगवर यायला 2019 उजाडलं. दिवस निवडला 29 सप्टेंबर, कारण 1967 मध्ये गाजलेल्या त्याच्या एका गाण्याचं नावच ते आहे. मला ते फार आवडलं.

मिलान सोडायच्या आदल्या शुक्रवारी मी हट्टाने 'दॉन जोव्हान्नी'तलं पहिलं गाणं लावलं, 'ले कोझे के पेन्सानो'. संथ, एकटं गाणं आहे. कुणी गिटार उचलली नाही, कुणी सोबत गायलंही नाही. गाणं संपल्यावर टेबलाच्या टोकाला बसलेले एक काका म्हणाले, "परत लाव."