पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स घेऊ नका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा मला चौघांनी पाठवला. म्हणणं असं की पीयूसीला (अकरावी-बारावीला) पीसीएमसी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सबरोबर चौथा विषय कॉम्प्युटर सायन्स, घेऊ नका, कॉम्प्युटरचे मार्क सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) धरत नाहीत, मराठी मीडियमच्या पोरांना झेपत नाही, घरी लॅपटॉप लागतो, आणि आता एआयच कोड लिहितंय, त्यापेक्षा बायोलॉजी घ्या म्हणजे मेडिकल, इंजिनिअरिंग दोन्हीकडं वाट मोकळी. मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतनं दहावी करून पीसीएमसीच केलोय, आता पीयूसीच्या पोरांची ट्यूशन घेतो, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

सीईटीला मार्क धरत नाहीत हे खरं आहे बघा. इंजिनिअरिंगची रँक फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर लागते, निम्मं वजन सीईटीचं, निम्मं सेकंड पीयूसीतल्या ह्याच तीन विषयांच्या मार्कांचं. पण मग त्या रँकला बायोलॉजीचे तरी कुठं धरतात? मेडिकलला जायचं असेल तर बायोलॉजी घ्याच, नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) 720 पैकी 360 मार्क त्याचेच असतात. पण पोराला इंजिनिअरिंगच करायचंय हे घरात ठरलेलं असताना नुसतं असू दे म्हणून बायोलॉजी गळ्यात घालायची, आणि पहिल्या वर्षाला व्हीटीयूचं (इथल्या इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटीचं) सी प्रोग्रामिंग समोर आलं की त्यानं लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड, म्हणजे काय इथनं सुरुवात करायची, हे मला पटत नाही.

मराठी मीडियमचं वाचून तर रागच आला. सायन्स घेतलं की फिजिक्स-केमिस्ट्री पण इंग्रजीतच की, मग भीती एकट्या कॉम्प्युटरचीच का घालता? उलट ह्यात इंग्रजी कमी लागते, पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचे कीवर्ड, म्हणजे ठरलेले शब्द, सगळे मिळून 35, बाकी डोकं. बायनरी सर्च, म्हणजे यादी अर्धी अर्धी करत शोधायची पद्धत, मी मराठीतच शिकवतो, हजार नावांची क्रमानं लावलेली यादी घे, मधलं नाव बघ, हवं ते पुढं आहे की मागं ठरव, अर्धी यादी सोडून दे, असं जास्तीत जास्त 10 वेळा केलं की नाव सापडतं नाहीतर नाहीच म्हणून कळतं, एवढं समजल्यावर पेपरात चार ओळी इंग्रजीत लिहायला काय अवघड आहे?

लॅपटॉप असला तर चांगलंच, पण प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्ये असतं आणि 100 पैकी 70 मार्कांचा लेखी पेपर वहीवरच पक्का होतो, मी पण लूपचा ड्राय रन, म्हणजे मशीनशिवाय कोड एकेक पायरीनं चालवून बघणं, वहीत टेबल आखूनच शिकलोय.

आता एआय. मागं एका पोरानं 1 ते 10 ची बेरीज करायला पायथनमध्ये रेंज(1, 10) लिहिलं, उत्तर 45 आलं, एरर काही नाही, तो खुश. रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत, पायथन 9 वर थांबतं, यायला पाहिजे 55. तो कोड पोरानं लिहू दे नाहीतर एआयनं, 45 चुकलंय हे ओळखायला माणूस शिकलेलाच पाहिजे ना, आणि ते ओळखायची सवय ह्या दोन वर्षांतच लागते.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र कुणी लिहितच नाही. प्रत्येक कॉलेजात पीसीएमसी असेलच असं नाही, म्हणून फी भरायच्या आधी जाऊन लॅब बघा, एका मशीनवर किती पोरं बसतात विचारा, आणि गावाकडनं रोज येणार असाल तर लॅब सुटल्यावर शेवटची बस मिळते का तेपण बघून घ्या.