फॉर्ममधला तो एक रकाना

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला गेलं की आधी फॉर्म हातात येतो. त्यात खाली कुठंतरी रकाना असतो: 'आपल्यावर पोलीस केस आहे का?' वीस-बावीस वर्षांचं पोट्टं तिथंच अडतं. कोणी 'नाही' लिहितो आणि पडताळणीत सापडतो. कोणी घाबरून फॉर्म तसाच ठेवून घरी जातो. दोघांचंही काम जातं, आणि पुष्कळदा केसमुळे नाही, उत्तरामुळे जातं.

गुन्हा दाखल होणं, अटक, खटला चालू असणं, निर्दोष सुटणं आणि शिक्षा होणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. 'शिक्षा झाली का?' असं विचारलं असेल तर निर्दोष सुटलेल्यानं 'नाही' लिहिणं हे खरंच आहे. 'कधी गुन्हा दाखल झाला का?' असं असेल तर मात्र 'हो, निर्दोष मुक्तता' आणि निकालाची तारीख लिहा. जेवढं विचारलं तेवढंच, पण खरं. सरकारी नोकरीत तर लपवणंच अंगाशी येतं. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की तरुणपणातली किरकोळ केस लपवली असेल तर ती माफ करता येते, पण गंभीर बाब दडवली तर नोकरी जाऊ शकते. खरं सांगूनही नोकरी मिळेलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून आधी कागद. ई-कोर्ट्सच्या साइटवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकला की केसची स्थिती फुकट दिसते. निकाल लागला असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित नक्कल काढा, दोन काढा. झेरॉक्स दाखवायला, मूळ घरी.

पोलीस ठाण्याच्या नोंदीत निकाल चढलेला नसला, तर सुटका होऊन वर्षं गेली तरी चारित्र्य पडताळणीत 'गुन्हा दाखल' एवढंच येतं. अशा वेळी ठाणेदारांच्या नावे अर्ज करा, नक्कल जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं.

सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं ते आता सांगतो. जुगाराची किंवा मारामारीची बारीक केस असते, पेशीला जाऊन पोरगं कंटाळतं. कोणीतरी म्हणतं, "कबूल कर, पाचशे रुपये दंड भर, मोकळा हो." तो मोकळा होत नाही. कबुली देऊन दंड भरला की तो दोषी ठरला, आणि ते आयुष्यभर लिहावं लागतं. त्याआधी वकिलाला दोन प्रश्न विचारा: तडजोड होते का, आणि परिवीक्षा कायदा, १९५८ (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगात न टाकता ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं) लागू होतो का? तडजोड झाली तर तो निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडलं, तर कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. वय २१ च्या आत असेल तर कलम ६ आवर्जून दाखवा.

घटनेच्या वेळी वय १८ च्या आत होतं? मग बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ वाचा. मिटलेल्या केसची नोंद पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठी उघड करता येत नाही. कलम २४ प्रमाणे ती अपात्रताही ठरत नाही. अपवाद एकच, सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर केलेला, मोठ्यांसारखा खटला चाललेला अतिगंभीर गुन्हा.

शिक्षा झालेल्यानं खासगी सुरक्षा रक्षकाच्या कामामागे धावू नये, खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानं तो दरवाजा बंद आहे. वेल्डिंग, गाडी दुरुस्ती, वायरिंग, पॅकिंग, इथं हात बघितला जातो.

आणि ठेकेदार दादांनो, रकान्यात 'पोलीस केस आहे का?' ऐवजी 'शिक्षा झाली आहे का, कशाबद्दल?' असं छापा. रोकड सांभाळायला ठेवताना चोरीची शिक्षा विचारात घ्या, ते समजतं. पण मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतल्या धक्काबुक्कीचा आणि वेल्डिंगच्या टाक्याचा संबंध काय? तुमच्या एका ओळीमुळे चांगला कामगार गेटवरूनच परत जातो.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आणि कमी उत्पन्नाचे यांना वकील मोफत मिळतो. जाताना आधार, उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला आणि केस नंबर सोबत न्या.