लॉयलिस्ट पार्कवेवरून बडोद्याला

भाच्याने घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या आणि माझा रविवार नासला. ‘57 ला गायकवाडांनी इंग्रजांना साथ दिली. गद्दार. आणि आपण काळ्या घोड्याला हार घालतो.’ खाली ताईचा अंगठा.

बाळा, 1857 ला साथ दिली ती खंडेरावांनी. बडोद्याच्या त्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावर बसलेत ते सयाजीराव, 1875 साली कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा मुलगा. याच माणसाने 1911 च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर जेमतेम वाकून सरळ पाठ फिरवली, तेव्हा लंडनपर्यंत बोंब झाली होती. अरविंद घोषांना नोकरी कोणी दिली होती? पण ‘गद्दार’ लिहायला तीन अक्षरं पुरतात. बाकीचं वाचावं लागतं.

मी कॅनडात किंग्स्टनला राहतो. बेलव्हिलला जाताना 401 हा महामार्ग सोडून पाण्याकाठचा 33 नंबर धरला की तो लॉयलिस्ट पार्कवे. लॉयलिस्ट म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज राजाच्या बाजूने राहिलेले राजनिष्ठ. बेलव्हिलचं कॉलेजही लॉयलिस्ट, आणि त्याच्या पार्किंगमध्ये हल्ली गुजराती सर्रास ऐकू येतं. वाटेत ॲडॉल्फसटाउनला 1784 साली त्यांचा एक जथा होड्यांतून उतरला. अमेरिका सोडून गेलेल्यांची संख्या 60,000 च्या आसपास धरतात. सीमेपलीकडे ते गद्दार. इथे शेजारचे म्हातारबुवा नावापुढे अभिमानाने ‘यू.ई.’ लावतात, म्हणजे राजनिष्ठांचे वंशज.

त्या राजनिष्ठांचं म्हणणं एकदा नीट ऐकावं. त्यांच्यातल्या जोसेफ गॅलोवेने 1774 मध्ये तोडगा मांडला होता: वसाहतींची स्वतःची एक परिषद, वर राजाने नेमलेला अध्यक्ष, दोन्हीकडची संमती असल्याशिवाय कायदा नाही. एका मताने तो मागे पडला आणि नंतर वसाहतींच्या काँग्रेसच्या इतिवृत्तातूनच काढून टाकला. सॅम्युअल सीबरी नावाच्या पाद्र्याचा सूर आणखी झणझणीत: खाल्लंच जायचं असेल तर सिंहाने खावं, उंदरांनी कुरतडून मारू नये. उंदीर म्हणजे गावोगावच्या कमिट्या, बहिष्कार घातलेला इंग्रजी चहा कोण पितो हे बघत फिरणाऱ्या.

हे वाचलं आणि मला आमचे बाबा दिसले. बडोद्याच्या रावपुऱ्यात गटार तुंबलं की धोतराचा सोगा वर धरून म्हणायचे, ‘महाराज असते तर!’ 1 मे 1949 ला बडोदा मुंबई राज्यात गेलं, त्याला तीस वर्षं उलटून गेली होती. बाबा गद्दार होते का? आजोबा संस्थानच्या शाळाखात्यात कारकून. 1906 पासून अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं, तेव्हा मुंबई इलाख्यात, खुद्द इंग्रजांच्या राज्यात, ते नव्हतं. त्या पगारावर आमचं घर उभं राहिलं. भाचा आजही त्याच घरात राहतो आणि तिथल्याच वायफायवरून गद्दार म्हणतो.

आता माझ्या सोयीचं नसलेलंही सांगतो, नाहीतर तो पकडेल. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि 1917 मध्ये त्याच बडोद्यात नोकरीवर आले तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन आले. महाराज चांगले होते, मान्य, पण ते चांगुलपण दांडियाबाजारातल्या कोणत्या दारापर्यंत पोचत होतं? इकडचंही तेच. सुमारे 3,000 काळी माणसं राजाच्या शब्दावर विसंबून न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला गेली. जमिनीसाठी वाट पाहून थकली आणि त्यांतली 1,200 च्या आसपास 1792 मध्ये सिएरा लिओनला निघून गेली. गोरे राजनिष्ठ तर इकडे येताना गुलाम बरोबर घेऊन आले होते. पार्कवेवरून गाडी हाणताना हे कुठे आठवतं!

तरीही माझा जीव अडकतो तो मॅसॅच्युसेट्सच्या राजनिष्ठ गव्हर्नरपाशी, थॉमस हचिन्सनपाशी. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणारा इंग्रजांचा स्टॅम्प ॲक्ट त्यालाही पटला नव्हता, पण 1765 मध्ये बॉस्टनच्या जमावाने त्याचं घर फोडलं, त्याच्या इतिहासाची हस्तलिखितं रस्त्यावर चिखलात फेकली. ज्या राजासाठी हे सोसलं त्याच्या देशात जाऊन 1780 मध्ये वारला. तिथे बसून झुरायचा बॉस्टनजवळच्या मिल्टन गावातल्या घरासाठी. इंग्लंडात सगळं होतं की त्याला! मला ते समजायला वेळ लागला नाही. इथे बर्फ उपसून झाल्यावर मी बडोद्याच्या लीलो चेवड्याचं पाकीट उघडतो, तेही मुलगा म्हणतो त्याप्रमाणे ‘एक्स्पायर्ड’.

भाच्याला एवढं सगळं लिहिलं आणि पाठवलं नाही. कारण मागच्या वर्षी मी उजवा हात वर करून राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांचे वारस यांच्याशी एकनिष्ठ राहीन अशी शपथ घेतली आहे. मोठ्याने, आधी इंग्रजीत, मग जमेल तशी फ्रेंचमध्ये. शपथेतलं वाक्य ग्रुपवर टाकलं नाही. फोटो टाकला, हातात छोटा झेंडा घेतलेला.

पहिलं ‘अभिनंदन मामा!’ भाच्याचंच होतं.