व परिवार

लग्नाची पत्रिका आली की आधी मुहूर्त बघू नये, वरचं नाव बघावं. बेळगावकडं खरी माहिती तिथंच असते. नुसतं 'श्री.' असेल तर एकट्यानं जायचं. 'श्री. व सौ.' म्हणजे दोन पानं. आणि 'श्री. अमुक व परिवार' असेल तर घराला कुलूप लावून या. मला आयुष्यात कुठल्या पदाचा हेवा वाटत असेल तर तो या 'व परिवार'चा. 'श्री.'ला पाकीट भरावं लागतं, मुहूर्त गाठावा लागतो, स्टेजवर हसावं लागतं. 'व परिवार'कडं एकच जबाबदारी, जिलबी.

आत मजकूर दोन भाषांत. मराठीत बेळगाव, तर कन्नडमध्ये १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आलेलं बेळगावी. कार्यालय मात्र एकच. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि नेमकं त्याच मिनिटाला एक लग्न खानापुरात, एक निपाणीत. एक दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटर, दुसरं उत्तरेला पाऊणशे. अशा वेळी नातं मोजावं. रक्ताच्या नात्याला अक्षता, सासरच्या नात्याला आदल्या दिवशीची हळद, ऑफिसातल्या माणसाला पुढच्या रविवारी घरी जाऊन पाकीट. सासर आणि रक्त एकाच मुहूर्तावर आलं तर पंचांगात उत्तर नाही, घरात मात्र असतं आणि ते तुम्हाला सांगितलं जातं.

पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असतं. ते वाचावं आणि पाकीट घ्यावं. त्या ओळीचा खरा अर्थ 'पातेली आणू नका' इतकाच.

पाकिटात किती, हे मनानं ठरवायचं नाही, वहीनं ठरवायचं. आपल्या घरच्या लग्नातली आहेराची वही कपाटात वरच्या कप्प्यात असते, सोन्याच्या पावत्यांच्याही वर. समजा, तिच्यात चोवीस वर्षांपूर्वी त्यांचे १०१ लिहिलेत. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे तेव्हाचे १०१ आजचे चारशेच्या घरात. घेतलं त्याहून थोडं चढं द्यायची रीत, म्हणून ५०१. गणित सुटलं म्हणून खूश होऊ नये. स्वयंपाकघरातून आवाज येतोच, "त्यांनी तेव्हा झाकणाचा डबा पण दिला होता." डब्याला महागाईचं सूत्र लागत नाही.

२०१७ साली २०० ची नोट आली तेव्हा मधला मार्ग सापडला असं वाटलं होतं. खरं २०१ हा आकडा काही रुळला नाही. १०१ म्हणजे जुनी ओळख, ५०१ म्हणजे चांगली ओळख. २०१ दिले की समोरचा विचार करत बसतो. वरचा एक रुपया पाकिटावर चिकटवलेलाच मिळतो, पण स्वस्त पाकिटाचा गोंद मे महिन्यातल्या घामाच्या खिशात दोन तास टिकत नाही. रुपया आत टाकून पाकीट बंद करावं. नाव बाहेर लिहावं, आणि आत चिठ्ठीवरही. रात्री पैसे मोजणारा नोटा काढतो आणि पाकिटं कोपऱ्यात फेकतो. नाव तिथं हरवलं की वहीत 'निनावी ५०१' राहतं आणि तुमच्या नावापुढं रिकामी जागा. ती जागा तुमच्या मुलाच्या लग्नात वसूल होते.

याहून अवघड खातं ओटीच्या खणाचं. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा अस्सल खण कुणी फिरवत नाही, तो शिवला जातो. फिरतो तो ८० सेंटिमीटरचा पॉलिस्टर ब्लाउजपीस. बेळगावातल्या बेळगावात शहापुरातून वडगाव, वडगावातून अनगोळ, अनगोळातून टिळकवाडी. तो शिवण्यासाठी नसतोच, तो चलन आहे. त्याचे नियमही चलनाचेच. ज्या घरातून आला त्या घरी परत जाता कामा नये, म्हणून घडीच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आडनाव लिहून ठेवतात. दुमडीवर रंग उडून पांढरी रेघ आली की वय कळतं, तेव्हा सहा महिन्यांनी घडी बदलावी. सगळं बरोबर करूनही एक चूक होते. देताना आडनाव खोडायचं राहतं. मग दोन घरांत चार वर्षं बोलणं नाही, आणि खण मात्र पुढच्या लग्नाला निघालेला.

स्टेजवर फार वेळ लागत नाही. पत्रिका ज्या बाजूची, पाकीट त्या हातात. फोटोवाला 'इकडं बघा' म्हणतो तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात. उतरताना कोणीतरी "पोरगं काय करूलालंय?" विचारतं. "चाललंय की" एवढंच म्हणावं आणि जेवणाकडं सरकावं.

पंगतीत जागा धरणं ही मात्र कला आहे. पान वाढलेल्या माणसाच्या मागं उभं राहू नये. जिलबी दुसऱ्यांदा मागणाऱ्याच्या मागं तर नाहीच. ज्याच्या पानात भातावर ताक पडलंय त्याच्या खुर्चीला हात लावून उभं राहावं, तीन मिनिटांत उठतो. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, असली तर हा हिशेब चुकतो, हुग्गीवर माणूस ताकानंतरही परत येतो. तेवढ्यात वळीव आला तर मांडवातली सगळी पंगत ताटासकट आत पळते आणि धरलेली खुर्ची जाते.

निघताना "जेवलासा न्हवं?" असं तिघं विचारतात. तिघांनाही "पोटभर" म्हणावं. पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेलात तर तिथं 'व परिवार' भेटतो. सात-आठ वर्षांचा, शर्ट चड्डीबाहेर, तोंडाला पाक. उरलेल्या अक्षता दुसऱ्या पोराच्या मानेत टाकत असतो. मध्येच वाकून कुणाच्या तरी पाकिटावरचा सुटलेला रुपया उचलतो, पुसतो, खिशात टाकतो. वहीत त्याचं नाव कुठंच नसतं.