खोली नंबर नऊ

धाकट्या भावाचा पुण्याहून मेसेज आला: "ताई, तुमच्या जर्मनीत भटक्या मांजरांचं काय करतात ते एका पानात लिहून पाठव. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, वाचून दाखवतो." त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मांजरं आहेत. गाड्यांच्या बॉनेटवर पंजांचे ठसे, जिन्यात वास, तळमजल्यावरच्या आजींनी ठेवलेली दूधभाताची ताटली, आणि त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जुंपलेली. एक गट म्हणतो, सगळी उचला आणि शेल्टरला द्या, त्यांचीही सोय होईल. दुसरा म्हणतो, मुकी जनावरं आहेत, राहू द्या. जर्मनीचं नाव घेतलं की दोन्ही गट गप्प बसतील, असा भावाचा हिशोब. सोसायटीच्या मीटिंगांत जर्मनी चांगली चालते. ओला-सुका कचरा वेगळा करण्याच्या वेळीही तिलाच पुढे केलं होतं.

एका पानात ते बसेना, म्हणून हे.

मी स्टुटगार्टजवळच्या एका गावात अठरा वर्षं राहते. गेली सहा वर्षं दर शनिवारी दुपारी दोन ते चार मी इथल्या प्राणी-निवाऱ्यात जाते. माझ्या पदाचं नाव काट्सनश्ट्राइशलर, म्हणजे मांजरांना कुरवाळणारी. थट्टा नाही, असं पद खरंच असतं आणि त्यासाठी रीतसर फॉर्म भरावा लागतो. सांगलीला आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून हे?" काम सोपं आहे. जमिनीवर बसायचं. मांजराच्या जवळ जायचं नाही, ते येईल तेव्हा येईल. आवाजाची सवय व्हावी म्हणून काहीतरी मोठ्यानं वाचायचं. काय वाचायचं याला बंधन नाही, तेव्हा आमच्या खोली नंबर नऊच्या मांजरांनी तीन वर्षांचे दिवाळी अंक जाहिरातींसकट ऐकलेत.

नऊ नंबरची खोली रांगेत शेवटची. पहिल्या दोन खोल्यांत पिल्लं असतात, ती बघता बघता जातात. मग तरणी, गोंडस, मांडीवर येणारी. आठव्या खोलीनंतर वळण आहे. त्या वळणापलीकडे पोहोचलेली माणसं बहुधा स्वच्छतागृह शोधत असतात.

मोरित्झ तिथलाच. कोळशासारखा काळा बोका, डाव्या कानाला शेंडा नाही. आला तेव्हा आठेक वर्षांचा असावा. रक्त तपासलं तर एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, निघाला. तो माणसाला होत नाही, पण मांजरामांजरांत खोल चाव्यातून पसरतो. त्यामुळे अशा बोक्याला मोकळं सोडता येत नाही, आणि घरी दुसरं मांजर असलेले लोक त्याला न्यायला कचरतात. वर पुन्हा काळा रंग. इथं असं मानतात की काळं मांजर उजवीकडून डावीकडे गेलं तर शुभ, डावीकडून उजवीकडे गेलं तर अशुभ. आपल्याकडे निदान दिशेचा घोळ नाही, आडवं गेलं की विषय संपला. मोरित्झ मात्र कुठल्याच दिशेनं जात नसे. हीटरच्या मागे बसून राहायचा. चौदा महिन्यांनी एका शनिवारी मी वाचत असताना त्यानं माझ्या बुटाच्या नाडीवर एक पंजा आणून ठेवला. नुसता ठेवला. मी पान उलटलं नाही. पायाला मुंग्या आल्या तरी चाळीस मिनिटं हलले नाही. पुढची दोन वर्षं दर शनिवारी तो बुटावर पंजा ठेवत राहिला, त्याच्या पुढे काही आला नाही. मग मूत्रपिंडं गेली. ज्या दिवशी त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं तो मंगळवार होता, माझा वार नव्हता.

मिंका सोळा वर्षांची. तिची मालकीण वृद्धाश्रमात गेली, तिथं मांजर चालत नव्हतं. मिंकाला रोज थायरॉइडची गोळी लागायची, लिव्हरच्या पेस्टमध्ये दडवून. ती पेस्ट चाटूनपुसून खायची आणि गोळी ताटलीच्या काठावर नीट बाजूला काढून ठेवायची. आपल्याकडे लोक पोह्यातली मिरची काढतात तशी. दुपारी साडेतीन वाजले की दाराकडे तोंड करून बसायची. जर्मन म्हाताऱ्यांची ती कॉफी आणि केकची वेळ, घरी तेव्हा पाहुणे येत असतील, असा आमचा आपला अंदाज. सोळा वर्षांचं मांजर कोण नेणार? ती आमच्याकडे अकरा महिने होती.

तिसऱ्याचं नाव 'हेर नॉइन', जर्मनमध्ये श्रीयुत नऊ. कुठल्याशा शेतावरच्या गोठ्यातून पकडून आणलेला. त्याला नाव द्यायला कोणी धजावलं नाही, म्हणून खोलीचा नंबरच दिला. मी त्याचा पाठीचा रंग नीट सांगू शकेन, डोळ्यांचा नाही.

दारावर प्रत्येक मांजराचं एक कार्ड असतं. घर मिळालं की ते कार्ड बाहेरच्या फळ्यावर लागतं, शेजारी नव्या कुटुंबाचा सोफ्यावरचा फोटो. ज्यांना घर मिळालं नाही त्यांची कार्डं कुठं जातात, हे मी चौथ्या वर्षी विचारलं. सामानाच्या खोलीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. तिथल्या बाईंनी काही न बोलता तो उघडून दाखवला. रबरबँड लावलेले गठ्ठे होते. वरचं कार्ड मोरित्झचं.

ही माझ्या माहितीतली चांगल्यात चांगली सोय, भावा. इथं पैसा आहे, कायदा आहे, डॉक्टर आहे. कायदाही मजेशीर. जर्मन दिवाणी कायद्यात 1990पासून लिहिलंय की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. आणि लगेच पुढे, की त्यांना वस्तूंचेच नियम लावावेत. त्यामुळे सापडलेलं मांजर आणि सापडलेली छत्री यांची मुदत एकच: मूळ मालकाला सहा महिने. मात्र छत्रीला नसलेला एक हक्क मांजराला आहे. पटण्याजोग्या कारणाशिवाय पाठीचा कणा असलेला प्राणी मारणं हा इथं गुन्हा आहे, आणि जागा नाही किंवा कोणी नेत नाही, हे कारण धरलं जात नाही. अमेरिकेत तसं नाही. एएसपीसीए या तिथल्या जुन्या संस्थेच्या हिशोबानं 2024 साली तिथल्या निवाऱ्यांत पावणेतीन लाखांच्या आसपास मांजरांना इंजेक्शन देऊन संपवलं गेलं. म्हणजे न्यायला कोणी न आलेल्या मांजरांचं तिथं अनेकदा इंजेक्शन होतं. इथं खोली नंबर नऊ होते.

आणि त्या खोलीला केवढी जागा लागते! बर्लिनचा निवारा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या निवाऱ्यांपैकी एक. 2001 साली शहराच्या कडेला बांधला, 16 हेक्टर, म्हणजे आपले चाळीस एकर. त्यात एका वेळी साधारण तेराशे-चौदाशे प्राणी राहतात. आता फेब्रुवारी 2025 आठव. आपल्या हडपसरला एका सोसायटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं सापडली होती, शेजाऱ्यांनी वासानं हैराण होऊन तक्रार केल्यावर. तोही एक निवाराच होता. सुरुवात कुणाच्या तरी कणवेनंच झाली असणार.

म्हणूनच 11 ऑगस्ट 2025ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, तेव्हा मला आधी तो डबा आठवला. अकरा दिवसांनी मोठ्या पीठानं आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून पुन्हा तिथंच सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडून. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनांच्या आवारातली उचला आणि तिथं परत सोडू नका, असं आलं. प्रत्येक वेळी टीव्हीवर भांडणारे दोन्ही पक्ष 'शेल्टर' हा शब्द असा वापरत होते की जणू एकदा आत घातलं की गोष्ट संपली. आत गेलेल्या जनावराची दहा-बारा वर्षं पुढे असतात. रोज सकाळी वाळू बदलायला कोणी तरी लागतं. पेस्टमधून बाहेर काढून ठेवलेली गोळी पुन्हा भरवायला कोणी तरी लागतं.

कुत्र्यांच्या बाबतीत मी इथून शहाणपण शिकवणार नाही. 2024मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या. ज्या आईच्या पोराला कुत्रा चावलाय तिला स्टुटगार्टहून आलेला लेख वाचून दाखवणं बरं दिसत नाही. इथं भूतदयेची कसोटी कमी लागते त्याचं एक कारण साधं आहे: कोल्ह्यांना रानात आमिषातून लस चारचारून जर्मनीनं जमिनीवरच्या प्राण्यांतला रेबीज 2008पर्यंत संपवला. चावा म्हणजे इथं टाके, आपल्याकडे धास्ती.

पण मांजरांबद्दल बोलते, कारण त्यात आपलं घर गुंतलंय. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. माडीवर मांजर व्यायली की आजी म्हणायची, हात लावू नका, ती पिल्लांना सात घरं फिरवते. आणि चौथ्या-पाचव्या घराच्या सुमारास बाबा सगळी पिल्लं गव्हाच्या पोत्यात भरून सायकलला अडकवायचे आणि आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीला सोडून यायचे. मासळीबाजाराजवळ सोडली, खायला मिळेल, असं येऊन सांगायचे. मी एकदा विचारलं की सांगलीवाडीची माणसं त्यांची पिल्लं कुठं सोडतात? बाबांनी पुलाकडे बघितलं, उत्तर दिलं नाही. ते पोतं आणि 'शेल्टरला द्या' यांत मला फार अंतर दिसत नाही. पूल जरा लांबचा, इतकंच.

तरी ज्या आया-आज्यांच्या घरी 'आपलं' नसलेलं मांजर दहा वर्षं दूध पिऊन गेलं, त्या व्यवस्थेला जर्मनमध्ये शब्द नाही. इथं मांजर एक तर कुणाच्या तरी मालकीचं असतं, चिप लावलेलं, नाही तर सापडलेलं. 'आळीतलं' असं काही नसतं. मोरित्झला आमच्या आळीत घर मिळालं असतं का? घर नसतं मिळालं. पायरी मिळाली असती. एफआयव्हीमुळे आणि रिक्षांमुळे तो अकराऐवजी चार वर्षंच जगला असता, हेही तितकंच खरं. मला या दोहोंतलं एक निवडता येत नाही, आणि ज्यांना चटकन येतं त्यांचा मला थोडा संशय येतो.

शिवाय जर्मनीत भटकी मांजरं नाहीत हा गैरसमज. प्राणिसंरक्षण संस्था 20 लाखांचा अंदाज सांगतात. दिसत नाहीत, कारण ती गोठ्यांमागे, कारखान्यांच्या आवारात, स्मशानांत राहतात. त्यावर चाललेला उपाय निवाऱ्याचा नाहीच. पाडरबोर्न नावाच्या शहरानं 2008मध्ये नियम केला की बाहेर हिंडणाऱ्या मांजराची नसबंदी मालकानं केलीच पाहिजे. आता हजारावर गावांनी तो उचललाय. सबंध देशासाठी अजून नाही. कुत्र्यावर कर घेणारा देश मांजराच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतो, का कोण जाणे.

आईनं एकदा फोनवर सरळ विचारलं, "मग तूच का नाही आणलंस ते काळं?" मी सांगितलं, मुलाला दमा आहे. ते खरं होतं. मग मुलगा शिकायला हँबुर्गला गेला. मोरित्झ त्यानंतर आठ महिने जिवंत होता. मी म्हणत राहिले की आपण दर वर्षी पाच आठवडे भारतात जातो, मागं कोण बघणार. की आमच्या खिडक्या वरून तिरक्या उघडणाऱ्या, त्यांच्या फटीत मांजर अडकून मरतं, जाळी बसवावी लागेल. जाळीचं माप मी घेऊन ठेवलं होतं. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.

भावाला शेवटी अर्धं पान पाठवलं. पाचही मांजरांची नसबंदी करा, कानाला खाच मारून घ्या म्हणजे झालेली-न झालेली कळतील, खर्च घरटी वाटून घ्या. आजींना सांगा, ताटली मागच्या भिंतीपाशी ठेवा, ठरल्या वेळी, आणि उरलेलं उचला. ज्यांना बॉनेटचं दुःख आहे त्यांनी गाडीला कव्हर घालावं. शेल्टर हा शब्द त्यात कुठं घातला नाही. जर्मनीचंही नाव नव्हतं, त्यामुळे तो जरा हिरमुसला.

रविवारी मीटिंग झाली नाही, कोरम भरला नाही. सोमवारी त्याचा फोटो आला. मीटरच्या खोलीतली पांढरी मांजर तीन पिल्लांना घेऊन निघालीय. आधी जिन्याखाली होती, मग पंपरूममध्ये. आता सेक्रेटरींच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या खोक्यात. खाली त्यानं लिहिलंय, "ताई, हे तिसरं."